तीसच्या आत

धान्याच्या गोदामात काट्यावर चोवीस वर्षं उभा राहिलेला हा गडी. नावानं कुणी हाक मारत नाही, मापाडी म्हणतात. बायको रागावली की तीसुद्धा. पोतं हमालाच्या पाठीवर असतानाच हा वजन सांगायचा, आणि चूक झाली तर पाव-अर्ध्या किलोची. स्वतः मात्र काट्यावर कधी चढला नव्हता. पोट सुटलं तसा पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडायचा, झालं.

मग धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा मशीनवर पडून राहायचं. मापाड्याची किडनी जुळली, पण डॉक्टरीणबाई कागद बघून म्हणाल्या, "बाकी सगळं ठीक. तुमचा बीएमआय तेहतीस आहे. उंचीच्या मानानं वजन फार. तीसच्या आत आणा, तरच टेबलावर घेईन. एकाला वाचवताना दुसरा जायला नको."

"किती दिवसांत?"

"तीन महिने. मशीनची सुई टोचतात ती त्याच्या हाताची नस तेवढीच टिकेल."

पुतणीनं काकाच्या मोबाइलमध्ये ॲप घालून दिलं. उंची एकदाच टाकायची, वजन रोज. तीसच्या वर लाल, आत आलं की पिवळं.

मापाड्यानं तोंडाला कुलूप घातलं. साखर गेली, तळलेलं गेलं, भात मुठीएवढा. एकदा डब्यातली बिस्किटं उभ्या उभ्या फस्त केली आणि दुसऱ्या दिवशी त्या रागात कामावर चालत गेला. ताटावर बसला की कारभारणीवर खेकसायचा.

"मापाडी, पोत्याला भोक पडलं का? रोज सांडताय!" हमाल म्हणायचे.

"सांडतोय. तू झाडू आण."

घरगुती वजनकाटे त्याला खेळणी वाटायचे. रोज सकाळी हमाल यायच्या आधी तो गोदामाच्या मोठ्या काट्यावर चढायचा. ॲपमध्ये बीएमआय साडेबत्तीस. एकतीस. मग आकडा तिथंच रुतून बसला. तारखेला आठ दिवस उरले असताना मात्र एकोणतीस पूर्णांक सहा. पिवळं! त्यानं धाकट्याला फोन लावला.

"नक्की ना, दादा?"

"अरे, जन्म काट्यावर गेला माझा. मला विचारतोस?"

तारखेला दवाखान्यात सिस्टरनं कपडे, चपला, किल्ल्या काढून पातळ गाऊन घालायला लावला आणि काट्यावर उभं केलं. शहाऐंशी किलो पाचशे. ॲपमध्ये साडेत्र्याऐंशी होतं.

"तुमचा काटा बिघडलाय, बाई."

"परवाच तपासलाय. उतरा, परत चढा."

परत तेच. बीएमआय साडेतीसच्या वर.

कारभारीण पुढं झाली. "अहो, गोदामात वजन करता तरी कसं? नीट सांगा."

"कसं म्हणजे? कपडे-चपला काढायच्या, चढायचं, आकडा बघायचा. बारदान वजा करायचं, ॲपमध्ये टाकायचं."

"कसलं बारदान?"

"कपडे, चपला, किल्ल्या. तीन किलो."

"अहो, पण ते तर आधीच काढून ठेवलेलं!"

सुरुवातीला मापाडी कपड्यांनिशी चढायचा, तेव्हा वजाबाकी बरोबर होती. आकडा हलेना म्हणून कपडे उतरवायला लागला. पण पोतं आलं की रिकाम्या गोणीचं वजन वजा करायचं, ही चोवीस वर्षांची खोड. उघड्या अंगातूनही हातानं तीन किलो उडवले.

"दोन किलोसाठी अडवता का?" तो डॉक्टरीणबाईंना म्हणाला.

"आकडा किडनी द्यायला परवानगी देणाऱ्या समितीचा आहे, माझा नाही. पंधरा दिवस देते. नस त्याआधी बसली, तर मानेतून नळी घालावी लागेल. त्यात ताप आला तर ऑपरेशन विसरा."

धाकट्याला सांगायला कुणाचे पाय उचलेनात. मापाडीच गेला. धाकटा मशीनवर, हात उशीवर ठेवून पडलेला.

"चुकलो. ॲप काय करेल, मीच त्याला खोटं भरवलं."

"किती राहिलं?"

"दोन किलो."

धाकट्यानं छताकडे बघितलं. "लहानपणी माझ्या ताटातलं पळवून खायचास. तेवढं उतरव आता."

मापाड्याला हसू आलं नाही. पंधरा दिवस तो दोन्ही वेळ चालला, उकडलेल्या भाज्या गिळल्या. दहाव्या दिवशी धाकट्याच्या नसेत सुई तीनदा फुकट गेली. चौथ्यांदा रक्त आलं. त्या दिवशी मापाडी जेवलाच नाही, तर कारभारणीनं ताट पुढं सरकवलं. "चक्कर येऊन पडलात तर दोघंही जाल. खा."

पंधराव्या दिवशी सिस्टरनं आकडा वाचला. "चौऱ्याऐंशी चारशे." डॉक्टरीणबाईंनी हिशेब केला. एकोणतीस पूर्णांक नऊ. त्यांनी पुन्हा एकदा चढायला लावलं, मग सही केली.

मापाड्यानं बाहेर येऊन धाकट्याला फोन लावला. "पिशवी भर. उद्या आठला दाखल व्हायचंय, दोघांनाही."

धाकट्यानं फोन बायकोच्या हातात दिला आणि पिशवी शोधायला उठला. भावजयीनं विचारलं, सकाळी कुठल्या दरवाजानं आत यायचं?