वीरमातेची भूमिका

“पोरं रांगेत उभी करायला माणूस पाहिजे असेल तर दुसरा बघा, मला शिकवायचंय.”

मुलाखतीला आलेली बाई खुर्चीवर बसायच्या आधीच असं बोलते, हे गहिनीनाथ सरांना पहिल्या दिवशीच खुपलं. ते संस्थेचे सचिव. पारनेरच्या अलीकडे माळावर त्यांची पत्र्याची निळी शाळा, आणि फाटकावर ‘सैनिकी पॅटर्न’ अशी पाटी. पॅटर्न म्हणजे खाकी गणवेश आणि पी.टी.च्या सरांची शिट्टी. फौजेत पोरं धाडणारा तालुका, तिथं ही पाटी खपायची. त्यात आता खरीखुरी वर्दी घातलेली बाई चालून आली होती. सरांनी राग गिळला आणि तिला भूगोल दिला.

माधुरी खर्ड्याकडची. बाप सोपान दुसऱ्याच्या शेतावर सालानं राहिलेला. बौद्ध वस्तीतली ही पोर पहाटे डांबरी रस्त्यानं पळायची, तेव्हा गाव विचारायचं, हिच्यामागं कुत्रं लागलंय का. ती केंद्रीय राखीव पोलीस दलात लागली, काश्मीरला गेली, छत्तीसगडच्या जंगलात राहिली, आणि तेच गाव तिला मिलिटरीतली म्हणायला लागलं. गहिनीनाथ सर मात्र म्हणायचे नाहीत. राखीव पोलीस म्हणजे शेवटी पोलीसच, असं ते स्टाफरूममध्ये तिला ऐकू जाईल इतपत मोठ्यानं बोलायचे. ते स्वतः नगरला फौजेच्या भरतीत छातीत बाद झाले होते. फुगवूनही छाती भरली नव्हती. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. ते आत गंजत राहिलं, पत्रा खालून गंजतो तसं.

तरी फ्लेक्सवर त्यांनी तिचा वर्दीतला फोटो टाकलाच. खाली ‘सैन्यदलातील वीरांगना माधुरी मॅडम, आता आपल्या शाळेत’. आडनाव गाळलं. आडनाव वाचून काही पालक तिथूनच गाडी वळवतील, हे त्यांनी कुणाला न विचारता ठरवलं होतं. तिनं फ्लेक्स पाहिला, ऑफिसात आली आणि फोटो काढा म्हणाली. ठेवायचाच असेल तर आडनावासकट ठेवा. फोटो निघाला नाही. आडनावही लागलं नाही.

प्रवेश वाढले, तशी कुरकुरही. श्रीमंत नावाचा कांद्याचा व्यापारी पोराला मानगुटीला धरून थेट वर्गात आला. “बाई, तुमी मिलिटरीतल्या. ह्याला दोन ठिवून द्या, घरात कुनाचं ऐकत न्हाई.” तिनं पोराची मान सोडवली, त्याला बाकावर बसवलं आणि फळ्यावरच्या नकाशाकडं वळली. श्रीमंत बाहेर येऊन म्हणाला, “सर, ही कसली मिलिटरी? हिच्यापरीस आमची म्हातारी बरी. ती निदान लाटनं तरी फेकून मारती.” सगळे हसले. सरही हसले, आणि त्यांना बरं वाटलं.

ती नोकरी सोडून का आली, हे सरांना तिच्या सासूकडून कळलं होतं. चांगुणाबाई नातवाला शाळेत घालायला आल्या तेव्हा बोलून गेल्या. सम्राट अंगावर पीत होता तेव्हाच माधुरी त्याला त्यांच्यापाशी ठेवून ड्यूटीवर परतली. नवरा नितीन सुप्याच्या कंपनीत पाळ्या करायचा. ती सुट्टीवर आली की पोरगं आजीच्या पदराआड लपायचं. एकदा तिनं बळंच उचललं, तर त्यानं तिच्या मनगटाला चावा घेतला. “मंग सुट्टी सरंस्तवर तिनं त्याला हात लावला न्हाई,” चांगुणाबाई म्हणाल्या. “गेली, आन् राजीनामा दिऊनच आली.” पुढं बी.एड.चा अभ्यास तिनं पोराला शेजारी बसवून केला. हळूहळू ते तिच्या मांडीवर झोपू लागलं. सरांनी ऐकून ठेवलं. कुठं दाबलं की दुखतं, ते त्यांना कळलं.

सव्वीस जानेवारीला ‘शहीद’ हा कार्यक्रम दरवर्षीचा. लाकडी बंदुका, फटाक्यांचा धूर, अतिरेकी मरतात, एक जवान पडतो, त्याला तिरंग्याखाली खाटेवर आणतात, आणि नववीतली एखादी मुलगी आई होऊन रडते. खाली बसलेल्या बाया खरंच रडतात. यंदा सरांच्या मनात आलं, आई खरी असली तर? वर्दीतली आई आणि खाटेवर तिचंच पोर. दुसरीतला सम्राट अंगानं हलका, उचलायला सोपा.

नाच बसवणाऱ्या निकिता मॅडमसमोर त्यांनी हे माधुरीला सांगितलं.

“सर, आमच्या तुकडीतली एक पोरगी गेली, तेव्हा तिच्या आईला सांगायला मला पाठवलं होतं. ती भाकरी करत होती. माझं बोलणं ऐकलं, आणि तव्यावरची भाकरी उलटली. मला म्हणाली, बस, जेवून जा. मी ही आई होणार नाही. आणि माझं पोर तिरंग्याखाली निजवायचं नाही.”

“नाटक आहे हो, मॅडम.”

“म्हणूनच नाही.”

राहिलं, म्हणाले सर. आणि ती सातवीवर असताना रोज सम्राटला तालमीला नेऊ लागले. निकिता मॅडम कचरल्या, माधुरी मॅडमना कळलं तर काय म्हणून. “कळेल तेव्हा माईक माझ्या हातात असेल,” सर म्हणाले. पोराला सांगितलं, मम्मीला गंमत दाखवायची, आधी बोलायचं नाही. पोरगं खूश. खांद्यावरून मिरवणं त्याला आवडलं होतं. डोळे मिटून हसू दाबणं तेवढं शिकवावं लागलं.

सव्वीसला झेंडावंदन झालं. मंडपात जागा नव्हती. पुढं पाहुणे, मागं आपल्या वर्गाच्या पोरांत माधुरी, साध्या साडीत. फटाके वाजले, धूर झाला, आणि रडक्या सुरावर खाट आली. तिरंग्याबाहेर फक्त चेहरा होता.

सरांनी माईक घेतला. हे बाळ कुणाचं आहे ठाऊक आहे का, असं त्यांनी मंडपाला विचारलं आणि तिचं नाव घेतलं. “वीरमाते, ये. लेकराला शेवटचं बघ.”

माना मागं वळल्या, मोबाईल वर झाले. आता ती एकतर रडेल, नाहीतर सगळ्या तालुक्यासमोर पळेल, असं सरांनी धरलं होतं. दोन्ही त्यांना चालणार होतं.

ती आली. खुर्च्यांमधून, सरळ, ज्या चालीचा सरांना राग यायचा त्याच चालीनं. स्टेजवर चढली, खाटेपाशी गुडघे टेकले. पोराच्या अंगावरून तिरंगा उचलला, कडेला कड जुळवून घडी केली आणि सरांसमोर धरली. तिरंग्याला नाही कसं म्हणायचं? सरांनी माईक काखेत दाबला आणि दोन्ही हात पुढं केले.

“मम्मी, थांब ना,” डोळे न उघडता सम्राट कुजबुजला, आणि काखेतल्या माईकनं ते मंडपभर नेलं. “मी मेलोय अजून.”

तिनं त्याला उचलून घेतलं.

मंडप टाळ्यांनी फुटला. बाया डोळ्यांना पदर लावत होत्या. श्रीमंत पाहुण्यांना सांगत होता, असलं नाटक आपल्या तालुक्यात आजवर झालं न्हाई. हे नाटक नव्हे, हे एकट्या गहिनीनाथ सरांना कळत होतं. पण तिरंगा हातात होता. तो खाली ठेवता येईना, आणि घेऊन तिच्यामागं धावताही येईना. शेकडो मोबाईल त्यांच्यावर रोखलेले, काखेत माईक किंचाळतोय, आणि सर छाती काढून उभे.

माधुरी पायऱ्या उतरली. लोक उठून तिला वाट देत होते, कुणी पाया पडायला वाकत होतं. ती कुणाशी बोलली नाही. पोराला कडेवर सावरत फाटकातून बाहेर पडली आणि माळाच्या रस्त्याला लागली.