गॅलरीतला कावळा

आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर कावळा पिंडाला शिवेना. "त्यांचं काय राहिलंय ते बोल की," पाहुणे मला सांगत होते. काय राहिलंय ते मला ठाऊक होतं. मी एकदा निवांत शेजारी बसून त्यांच्याशी बोलावं, एवढंच. चारचौघांत ते तोंडातून निघेना. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावला.

त्यानंतर उचगावातल्या आमच्या गॅलरीच्या कठड्यावर एक कावळा यायला लागला. सकाळी उसाच्या रानावरून धुकं सरकत यायचं, कुठल्यातरी गुऱ्हाळाचा गोड वास असायचा आणि त्या पांढऱ्यातून तो काळा ठिपका अलगद उतरायचा. मी दही-भाकरी ठेवायचो आणि हळूच बोलायचो. आबांशी जन्मात बोललो नसेन एवढं.

खिडकीवरच्या पत्र्याआड खारीचं घरटं होतं. आबा तिला शेंगदाणे घालायचे, आता आई घालायची. भाकरी संपली तरी कावळा बसून राहायचा, मान तिरकी करून पत्र्याकडे बघत. मला कळत होतं. मी भाकरी ठेवतच राहिलो.

एका सकाळी त्यानं पिल्लू उचललं. बोटाएवढं, गुलाबी. मी हातभर अंतरावर होतो. हात उचलला असता तर तो उडाला असता. पण आबांना हाकलायचं कसं? धुक्यात तो विरघळून गेला. खार दिवसभर चिरकत राहिली.

आईनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, "मांजर असेल." तेव्हापासून ती शेजारच्या मांजरावर काठी घेऊन धावायची. ते मांजर पार भेदरून गेलं. अखेर परवा मी तिला सगळं सांगितलं.

तिनं हातातली शेंग फोडली. मग म्हणाली, "जल्मभर खारीला शेंगदाणं घातलं त्येंनी. त्ये पिल्लू उचलतील व्हय रं? कावळा हाय त्यो. त्येलाबी पोरं असतील." थोड्या वेळानं, "मांजराला उगंच मारलं की मी."

आज तो आला. मी "हुश" म्हणालो. तेवढ्यावरच तो उडाला. कठडा मोकळा झाला.

"काय बोलायचास त्येच्यासंगं?" आईनं आतून विचारलं.

"काही नाही."

"मला सांग की."

मी आत गेलो आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसलो.