न मारलेली लाथ

दसऱ्याच्या सकाळी आमच्या गावात फौजेतून निवृत्त झालेल्यांचा आणि बाकीच्यांचा व्हॉलीबॉलचा सामना असतो. मी साताऱ्याच्या कचेरीत खुर्ची झिजवणारा माणूस, वय अठ्ठेचाळीस, पोट त्याहून थोरलं. तरी निवृत्तांचा एक गडी कमी पडला म्हणून मी लुंगी खोचून उतरलो. माझ्या मागच्या जागेवर माझा मेहुणा होता. बायकोचा पाठचा भाऊ, निवृत्त हवालदार.

बॉल उंच आला. उडी मारायला मी पाय रोवला आणि कुणीतरी मागून टाचेच्या वर सणसणीत लाथ घातली. फाट्कन आवाज झाला, तो देवळाच्या पायरीवरच्या म्हाताऱ्यांनीसुद्धा ऐकला. मी आडवा. वळून बघतो तर मागे मेहुणाच.

"लाथ का घातलीस रं?"

"आवं दाजी, मी कशाला घालू? मी तर पार तिकडं मागं हुतो."

तो दहा पावलांवर होता, हे मला दिसत होतं. पण माझा राग नाकावर. फौजी माणसाची टांग लांब असते असं मी ठणकावून सांगितलं, आणि पुढे नाही नाही ते बोललो. बायको तिथेच उभी होती.

मग मी तंटामुक्ती समितीकडे अर्ज दिला. गावातली भांडणं गावातच मिटवणारी ही आमची समिती. तिने तीन दिवसांनंतरची बैठक दिली. तोवर मी पायाला कुणाला हात लावू दिला नाही. बायको बर्फ घेऊन आली, तिला हाकललं. शेजारच्या काकू हळदीचा लेप घेऊन आल्या, त्याही परत गेल्या. सूज हा माझा पुरावा होता. ती उतरली असती तर समितीला दाखवायचं काय?

बैठकीत मला खुर्चीसकट उचलून नेलं. अध्यक्षांनी विचारलं, "लाथ बगितली का कुनी?" कुणीच नाही. "आवाज आयकला का?" सगळ्यांचे हात वर. अध्यक्ष बुचकळ्यात पडले. तेवढ्यात मेहुण्याने दाराकडे बघितलं आणि हात जोडले.

"चुकलं दाजी. लागली आसंल लाथ."

माझी छाती फुगली. गळाभेटीचा फोटो काढला. फोटोत मी हसतोय आणि तो जमिनीकडे बघतोय. त्यानंतर त्याने आमच्या घरी पाऊल टाकलं नाही.

दुसऱ्या दिवशी बायकोने मला साताऱ्याला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मला पालथं झोपवून चांगल्या पायाची पोटरी दाबली, पाऊल हललं. दुखऱ्या पायाची दाबली, पाऊल ढिम्म.

"मागून लाथ बसल्यासारखं वाटलं ना?" डॉक्टर म्हणाले.

"वाटलं कशाला, बसलीच!"

"सगळे असंच सांगतात. कुणी मारत नाही हो. पोटरीला टाचेशी जोडणारी धोंडशीर असते, ती तुटली की अगदी असं वाटतं. वर्षभर खुर्चीत बसायचं आणि एक दिवस उडी मारायची, त्यात ती तुटते. चार दिवस काय करत होता?"

बायकोने सांगितलं, "पुरावा सांभाळत हुते."

डॉक्टरांनी शीर शिवली. बोटं खाली झुकवून प्लास्टर घातलं, म्हणजे शिवणीवर ताण येत नाही. पुढे टाचेखाली उंचवटे घातलेला बूट, मग एकेक उंचवटा काढायचा, मग व्यायाम. घाई केली तर पुन्हा तुटेल, असं दोनदा बजावलं. मी मान डोलवत होतो. डोक्यात लाथच होती.

परतीच्या वाटेवर बायको एवढंच म्हणाली, "माझा भाऊ भाऊबीजेला आला न्हाई तर मी कुनाला ओवाळायचं, ते तुमीच सांगा." तिला एकच भाऊ. मी मेहुण्याला रोज फोन केले. त्याने उचलले नाहीत.

शेवटी भाऊबीजेच्या आदल्या दिवशी, दिवाळीच्या पाडव्याच्या सकाळी, मी समिती पुन्हा बसवली. मिटलेला तंटा उकरता येत नाही, असं अध्यक्ष म्हणाले. मी म्हणालो, उकरायचा नाही, खोडायचा आहे. निरोप गेला म्हणून मेहुणा आला, दाराजवळ उभा राहिला. मी कुबड्यांवर उठलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं की लाथ कुणी मारलीच नव्हती, शीर आपली आपण तुटली, आणि मी या माणसावर खोटा आळ घेतला. हात जोडायला गेलो तर एक कुबडी सुटून अध्यक्षांच्या पायावर पडली. सगळे हसले. मेहुणा हसला नाही. पुढे येऊन त्याने मला धरलं.

"आरं, मग तू कबूल का केलंस?" मी विचारलं.

"आक्का दारात हुबी हुती. तिच्याकडं बगितलं आन् म्हनलं, एका लाथंपायी तिचं म्हायार कशाला तोडायचं? मारली म्हनून सांगू."

माझ्या डोळ्यांना धार लागली. अध्यक्ष पाऊल चोळत म्हणाले, "पाय दुकतोय का लय?"

"न्हाई," मी म्हणालो, "पाय न्हाई दुकत."