वस्तऱ्याखालचा तज्ज्ञ

चौकातल्या न्हाव्याला सगळे ‘संपादक’ म्हणत आणि त्या पदवीला तो जिवापाड जपे. कुठल्याही सरकारचं काय चुकलं, हे तो दाढीच्या साबणाला फेस येईपर्यंत सांगून मोकळा होई. बाकावर पेपर वाचायला येणारी मंडळी माना डोलवत.

नदीला पूर आला त्या दिवशी खुर्चीत एक नवखे गृहस्थ बसले होते.

“धरणाचे दरवाजे मुद्दाम उघडले,” संपादक म्हणाला. “खालच्या गावांनी मतं दिली नाहीत ना! सगळं राजकारण आहे.”

गृहस्थ फेसाआडून काहीतरी पुटपुटले.

“हलू नका साहेब, कापेल!”

वस्तरा गळ्याशी आल्यावर कोण काय बोलणार? तोंड पुसून झाल्यावर मात्र ते शांतपणे म्हणाले, “दरवाजे मीच उघडले. धरणावर इंजिनिअर आहे मी. पाणी आणखी हातभर चढलं असतं तर भिंतच गेली असती. मग कुठली गावं आणि कुठली मतं?”

बाकावरचे आजोबा खदखदून हसले. “काय संपादक, आता अग्रलेख बदला!”

संपादकाचा चेहरा पडला, पण जाणकाराची किंमत त्याला कळली. आता साबण लावण्याआधीच तो अदबीनं विचारतो, “साहेब, आपण काय करता?” समोर डॉक्टर असला तर साथीच्या रोगांवर तो चकार शब्द काढत नाही. त्या दिवशी तो परराष्ट्र धोरणावर बोलतो.

पदवी अजून शाबूत आहे.