पॉइंट्समन धुडकूचा चेहरा

धुडकूला बूट पुन्हा लहान झाले, म्हणून स्टेशनमास्तरांनी त्याला माझ्याकडे पाठवलं. पाय सुजलेत, असा त्यांचा समज. मी दाबून पाहिलं. सूज नव्हती. हाडंच रुंद झाली होती.

गोष्ट एकोणीसशे तीसनंतरची. मी नंदुरबारला रेल्वेचा असिस्टंट सर्जन होतो. धुडकू जवळच्या लहान स्टेशनावर पॉइंट्समन, म्हणजे गाडीसाठी रूळ बदलणारा. वय चाळिशीच्या आत. जबडा पुढे आलेला, ओठ जाड, आवाज घोगरा, पंजे फावड्यासारखे.

"आधीपासून असाच आहेस?"

"नही साहेब. लगीन व्हयनं तव्हय चांगला व्हतू. आते मन्ही पोर माले दखीसन रडस. लोके म्हनतस, अंगमा काही शिरनं."

बायको मुलीला घेऊन सारंगखेड्याला माहेरी गेली होती. क्वार्टरमध्ये तो एकटाच. शेजारी विस्तव मागायलाही येत नसत.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते, पिट्युटरी. तिचा रस रक्तात मिसळतो आणि शरीराला वाढायला लावतो. लहानपणी तो जास्त झाला तर माणूस ताडमाड होतो. मोठेपणी हाडांची लांबी वाढू शकत नाही, मग ती जाड होत जातात. हे मी पुस्तकात वाचलं होतं, समोर पहिल्यांदाच पाहत होतो. फुगलेली ग्रंथी शेजारच्या डोळ्यांच्या नसा दाबते, हेही वाचलेलं होतं.

धुडकूनं भिंतीवरचा चार्ट शेवटच्या ओळीपर्यंत बरोबर ओळखला. मग मी त्याला माझ्या नाकाकडे पाहायला सांगितलं आणि दोन्ही बाजूंनी बोटं हळूहळू आत आणली.

"बोटं दिसली की सांग."

बोटं माझ्या खांद्यांच्या आत आली तरी तो गप्पच.

रेल्वेचे मोठे डॉक्टर इन्स्पेक्शनला आले, तेव्हा त्यांच्यापुढे केस ठेवली.

"चार्ट वाचतो ना?"

"वाचतो, सर."

"मग अनफिट कशाला लिहिता? माणसं मिळत नाहीत इथं."

"समोरचं दिसतं, सर. बाजूनं येणारं इंजिन दिसत नाही."

त्यांनी स्वतः तपासलं आणि सही केली.

रूळ बदलायचं काम आता बंद, हे धुडकूला मीच सांगितलं. तो आपल्या पंजांकडे पाहत म्हणाला,

"घर कोनी येत नही साहेब. तठे गाड्या तरी येतस. एखादा डायवर हात हालावस."

मी मुंबईच्या इस्पितळासाठी चिठ्ठी लिहायला घेतली.

मुंबईला त्याच्या डोक्यावर किरणांचे उपचार झाले. डोकेदुखी थांबली, पंजे वाढायचे थांबले. चेहरा मात्र तसाच राहिला, नजरही. रेल्वेनं त्याला दिवे पुसायच्या खोलीत काम दिलं. तिथून रूळ दिसत नसत.

एका रविवारी मी सारंगखेड्याला गेलो. हे भूतबाधा नाही, ग्रंथीचं दुखणं आहे, असं त्याच्या बायकोला समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, चहा दिला.

"माले समजनं डाक्टरसाहेब," ती म्हणाली. "पन पोरले कशी समजाडू?"

ती आली नाही. माझी बदली होईपर्यंत धुडकू त्या खोलीत काचा पुसत होता. मी गेलो की स्टूल पुढे सरकवायचा आणि पुसणं चालू ठेवायचा.

निदान बरोबर होतं, गाड्या सुरक्षित राहिल्या. डॉक्टर म्हणून मी तिथवरच पोचलो. त्यापुढचे दिवस धुडकूला एकट्यानं काढायचे होते.