चार आणि पाच

अन्याय झाला तो पुंडलिककाकांवर, आमच्या अकरावीच्या वर्षी, जर्नल तपासायला बाहेरचे सर आले त्या दिवशी, दुसऱ्या तासाला. हे आधीच सांगते, कारण तीन आठवड्यांपूर्वी काका गेल्याची बातमी कॉलेजच्या ग्रुपवर आली ती हार घातलेल्या फोटोसकट, खाली ‘प्रयोगशाळेचे निष्ठावान सेवक’. मला तेव्हाच संशय आला. ज्यांनी त्यांना प्रयोगशाळेतून उठवून गेटवर बसवलं, त्यांना ही निष्ठा ते गेल्यावरच कशी आठवली?

काका प्रयोगशाळेत परिचर होते. आसेगावहून पहिल्या एसटीनं यायचे आणि पाण्यावर ठेवलेल्या कांद्यांची कोवळी मुळं कापायचे, पेशी कशी विभागते ते आम्हाला दाखवायला. क्रोमॅटिड मला पुस्तकातून कळलेच नाहीत. काका म्हणाले, “गुणसूत्राची आधी पुरी नक्कल होते. त्या जोडीतला एकेक म्हंजे क्रोमॅटिड. मंग एक या टोकाले, एक त्या टोकाले. भावाभावाच्या वाटणीत वावर अर्धं होते वं, इथं कोनाचंच कमी होत नाई.”

त्या वर्षी मुळं रंगवायच्या बाटलीत तळाला नुसती खपली उरली होती. भिंगाखाली मला धुरकट ठिपके दिसले. मी गाइड उघडलं, काकांनी ते मिटलं. “नाई दिसलं त लिहून टाक, दिसलं नाई. कायले लबाडी करतं?” मी पेन्सिलीनं तसंच लिहिलं. बाकी वर्गानं गाइडातलं चित्र उतरवलं. त्यात छपाईची चूक होती, एका टोकाला चार क्रोमॅटिड, दुसऱ्याला पाच. जिथं कोणाचंच कमी होत नाही तिथं अख्ख्या वर्गाला एक कमी दिसला, आणि तरी प्रत्येक पानावर लाल शाईनं ‘बरोबर’...

अडलं ते फक्त माझं पान. प्राचार्यांनी विचारलं, हे लिहायला कोणी सांगितलं? मी काकांचं नाव घेतलं. सोमवारपासून काका गेटवर. माफी मागायला गेले तर म्हणाले, “खरं तेच सांगतलं ना तू? मंग रडतं काहून? चित्र त नाई ना काढलं?” मी काढलं होतं, त्याच दिवशी, पान मंजूर व्हावं म्हणून. चार आणि पाच. काका घंटा द्यायला उठले...

ते जर्नल माझ्याकडे आहे. चित्राखाली खोडलेल्या अक्षरांचे वळ अजून हाताला लागतात. फोटोला हार घालणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, आणि त्या पानावरच्या माझ्या हातावरही नाही. तुमच्या घरात अकरावीतलं पोर असेल, तर आज त्याचं जर्नल मागा, चित्रावर बोट ठेवा आणि विचारा, पाहिलंस का? नाही म्हणालं, तर चित्र खोडायला लावा, तिथं ‘दिसलं नाही’ लिहायला लावा, आणि खाली सही तुम्ही करा.