शिबिरातलं भाषण
समस्त जनतेस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, लवंगतेलाचा वास आला की माझं डोकं आजही फिरतं. बाजाराच्या दिवशी कडुनिंबाखाली फुकट दात काढणारे आमचे डॉक्टर आमदार झाले आणि वैनगंगेकाठच्या आमच्या गावी दंतशिबिराच्या उद्घाटनाला आले. गाल टम्म सुजलेली एक मासे विकणारी बाई सकाळपासून रांगेत उभी होती. साहेबांनी फीत कापली, रुग्णाच्या खुर्चीत स्वतःच बसून फोटो काढून घेतला, तासभर भाषण ठोकलं आणि "बाकीचं पुढच्या दौऱ्यात" म्हणत ते गाडीत बसले. एरवी गावभर तोंड चालवणारा मी नुसता दातओठ खात राहिलो, याचाच राग अजून जात नाही. बाईने मात्र गाडीचं दार धरलं अन् ओरडली, "भाऊ, भाषणासाठी मत नाई देल्लं तुमाले! पह्यले खाली उतरा अन् दात काढा!"